थीम पार्कमध्ये हजारो लोकांना फिरवतात कसे? मोनोरेल, रोपवे, बोट, बस आणि बॅटरी गाडीची संपूर्ण माहिती



सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरलं की आपण मोबाईलवर काय शोधतो? तिकीट किती, कोणत्या राईड भारी, आत जेवण मिळतं का, फोटो कुठे चांगले येतात. मीही मागच्या दिवाळीत हेच सगळं शोधलं होतं. एक गोष्ट मात्र शोधली नाही, आणि तिथेच फसलो. गेटपासून आतपर्यंत जायचं कसं?

आमचं नायगाव नांदेड-देगलूर रस्त्यावर. मी, आई-बाबा, धाकटी बहीण आणि आजी असे पाचजण गाडी करून एका मोठ्या पार्कला गेलो. पार्कचं नाव इथे घेत नाही. गाडी लावली तिथून गेट जवळजवळ एक किलोमीटर. आजीचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखतात. बॅटरी गाडीची सोय होती, पण रांगेत आमच्या पुढे दीडशेच्या आसपास माणसं. अर्धा तास उभं राहिल्यावर आजी कठड्यावर टेकली आणि म्हणाली, "तुमी जा बाबू बघून या. मी बसते इथंच. माझ्यामुळं लेकराची मजा नगं जायाला."

शेवटी आई तिच्याजवळ थांबली. म्हणजे पाच तिकिटांचे पैसे दिले आणि अर्धा दिवस पार्क बघितला तिघांनी. गाडीत परत येताना आजी काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसानंतर मी या विषयाच्या मागे लागलो. जगातली मोठी पार्क माणसं कशी फिरवतात, त्यामागचं तंत्रज्ञान काय, आणि आपल्याकडे काय आहे, हे सगळं या लेखात सोप्या भाषेत सांगतो. शेवटी जाण्यापूर्वी मोबाईलवर काय तपासायचं त्याची यादी पण दिली आहे. चला तर मग, सुरू करूया.

पार्कमधली वाहतूक व्यवस्था म्हणजे काय?

थीम पार्क म्हणजे नुसती जत्रेतली पाळण्यांची जागा नाही. मोठ्या पार्कला हॉटेलं असतात, दोन-तीन वेगवेगळी पार्क असतात, वॉटर पार्क असतं, तळं असतं, हजारो गाड्यांचं पार्किंग असतं. या सगळ्यांना जोडणारी बस, बोट, रेल्वे, रोपवे म्हणजे पार्कची वाहतूक व्यवस्था. राईडमध्ये आपण मजेसाठी बसतो, वाहतुकीत पोहोचण्यासाठी. कधीकधी एकच गोष्ट दोन्ही कामं करते, ते पुढे बघू.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते सुरू झालं. जागा सुमारे १०० चौरस किलोमीटर. आपल्याकडचं एखादं गाव, त्याचं शिवार, शेजारची पाच-दहा गावं आणि त्यांची शिवारं धरली तर अंदाज येईल. एवढ्या जागेत आज चार मुख्य पार्क, दोन वॉटर पार्क आणि वीसहून जास्त हॉटेलं आहेत. तिथे पायी फिरायचा प्रश्नच येत नाही. म्हणून तिथे मोनोरेल, बोटी, शेकडो बस, रोपवे आणि वाफेची रेल्वे असं सगळं एकाच ठिकाणी सापडतं. या लेखात डिस्नेचं नाव वारंवार येईल ते एवढ्यासाठीच.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे मुंबईजवळच्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या पार्कला जायला बहुतेक लोक खाडी ओलांडून बोटीने जायचे. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, राईडच्या आधी बोट आठवते. सहल तिथूनच सुरू झाल्यासारखी वाटायची.

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. तिथे थीम पार्क, वॉटर पार्क, स्नो पार्क आणि हॉटेल शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे खरा प्रवास मुंबई-पुण्याहून तिथे पोहोचण्याचा.

आम्हा नांदेडकरांना जवळचं म्हणजे हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. १९९६ मध्ये उभी राहिलेली ही जागा १,६६६ एकर आहे आणि जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. आमच्या भागातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे गेल्या आहेत. गेटवर तिकीट काढलं की पार्कचीच बस तुम्हाला आत मुख्य चौकापर्यंत नेते. तिथून लाल रंगाच्या, बाजूने उघड्या बसमध्ये गाईडसोबत सेट बघायचे. म्हणजे इथे बस हीच वाहतूक आणि बस हीच सफर.

आणि थीम पार्क नसलं तरी एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, ते म्हणजे शेगाव. रेल्वे स्टेशनवरून मंदिराकडे संस्थानची मोफत बस असते. म्हातारं माणूस असो की लेकुरवाळी बाई, उतरलं की बसमध्ये. आनंद सागरमध्ये तर मुलांना बागेतून फिरवणारी छोटी रेल्वे पण होती. आजी शेगावला तीनदा जाऊन आली आहे, आणि एकदाही "मी इथंच बसते" म्हणाली नाही.

सगळ्यात महत्त्वाचं गणित: तासाला किती माणसं?

कोणतंही वाहन बघून आपण विचारतो, "स्पीड किती?" पण गर्दी हलवायची असेल तर स्पीडपेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा असतो: एका दिशेने तासाला किती माणसं पुढे जातात. त्याला क्षमता म्हणतात. गणित एकदम सोपं आहे.

एका फेरीत बसणारी माणसं × तासाला फेऱ्या = तासाची क्षमता

आता हे लावून बघू. खालचे फेऱ्यांचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत.

• बॅटरी गाडी: १२ सीटच्या ४ गाड्या, जाऊन-येऊन १५ मिनिटं. प्रत्येक गाडीच्या तासाला ४ फेऱ्या, म्हणजे एकूण १६. १२ × १६ = तासाला १९२ माणसं.
• बस: ६० माणसं, दर १० मिनिटाला एक. ६० × ६ = तासाला ३६०.
• मोठी बोट: ६०० माणसं, दर १२ मिनिटाला एक. ६०० × ५ = तासाला ३,०००.
• रोपवे: एका डब्यात १० माणसं, दर १० सेकंदाला एक डबा. १० × ३६० = तासाला ३,६००.
• मोनोरेल: ३६० माणसं, दर ५ मिनिटाला एक. ३६० × १२ = तासाला ४,३२०.

बघितलं? रोपवेचा डबा बसपेक्षा कितीतरी लहान आणि हळू, तरी बसच्या दहापट माणसं नेतो. कारण तो थांबत नाही, सतत येत राहतो.

आता आमच्या दिवसाकडे या. आमच्या पुढे दीडशे माणसं होती. तासाला १९२ च्या हिशेबाने दीडशे माणसं जायला जवळजवळ ४७ मिनिटं लागतात. आम्ही अर्ध्या तासात वैतागलो, पण नंबर यायला अजून सतरा मिनिटं होती. त्यात मधेच एखादी गाडी चार्जिंगला गेली की संपलंच. गाडी चालवणाऱ्या पोराची यात काही चूक नव्हती. गाड्याच कमी होत्या.

दुसरी अडचण असते वेळेची. सकाळी लोक थोडे थोडे येतात. रात्री शो संपला की सगळे एकदम निघतात. माळेगावच्या यात्रेत तुम्ही गेला असाल तर माहीत असेल: येताना आरामात जागा मिळते, निघताना एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा लागतो. म्हणून चांगली व्यवस्था सरासरी गर्दीवर नाही, तर शेवटच्या एका तासाच्या गर्दीवर ठरवतात.

मोनोरेल कशी चालते?

मोनो म्हणजे एक. दोन रुळांऐवजी सिमेंट काँक्रीटचा एकच जाड पट्टा, म्हणजे बीम. गाडी त्याच्यावर घोड्यावर बसल्यासारखी बसते. रबरी टायर वरून फिरतात आणि वजन पेलतात. बीमच्या दोन्ही बाजूंना आडवी लहान चाकं असतात, ती गाडीला डावी-उजवीकडे कलू देत नाहीत. वीज वरच्या तारेतून नाही, तर बीमच्या बाजूला लावलेल्या पट्टीतून येते. गाडीखालचा एक भाग त्या पट्टीला घासत वीज घेतो.

डिस्नेची पहिली मोनोरेल कॅलिफोर्नियात १९५९ मध्ये धावली. फ्लोरिडात ती १९७१ पासून आहे. तिथे एक मार्ग तर थेट हॉटेलच्या इमारतीतून जातो. १९८२ मध्ये एपकॉट नावाचं दुसरं पार्क झालं तेव्हा तिकडेही मार्ग वाढवला. सगळे मिळून सुमारे २४ किलोमीटर.

फायदा काय? खांबावरून जाते म्हणून खालची जागा मोकळी, आवाज कमी, आणि वरून पार्क दिसतं. तोटा काय? मार्ग बदलायचा तर साधा सांधा हलवून चालत नाही, अख्खा बीमचा तुकडा सरकवावा लागतो. शिवाय मध्येच गाडी बंद पडली तर उतरायला जमीन नाही.

हे दोन्ही तोटे कागदावरचे नाहीत. ५ जुलै २००९ च्या रात्री डिस्नेच्या दोन मोनोरेल एकमेकींवर आदळल्या आणि २१ वर्षांचा एक चालक गेला. एक गाडी मागे घेऊन दुसऱ्या मार्गावर न्यायची होती, पण बीमचा तुकडा सरकवलाच गेला नव्हता. गाडी त्याच मार्गावरून मागे आली आणि स्टेशनात उभ्या गाडीला धडकली. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने नेमकं हेच शोधलं: बीम सरकला का, हे कोणी नीट तपासलं नव्हतं.

दुसरी घटना आपल्या मुंबईची. मुंबईची मोनोरेल २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा सुरू झाली आणि २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसात हार्बर लोकल बंद पडली आणि सगळी गर्दी मोनोरेलकडे वळली. गाडीची मर्यादा १०४ टनांची, भरली १०९ टनांपर्यंत. वजनामुळे वीज घेणारा भाग आणि वीजपट्टी यांचा संपर्क तुटला. गाडी खांबांवर मधेच उभी राहिली, एसी बंद, आत लोक गुदमरू लागले. अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ प्रवाशांना खाली उतरवलं. पुढे २० सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्ती आणि सुधारणांसाठी मोनोरेल बंद ठेवण्यात आली.

फक्त पाच टन जास्त. "अजून एक बसतो की राव" म्हणताना हा आकडा आठवा.

रोपवे: न थांबता चढायचं कसं?

रोपवे आपल्याला माहीत आहे. रायगडावर १९९६ पासून आहे. तिथे वर जाणारे आणि खाली येणारे डबे एकाच दोराच्या दोन टोकांना असल्यासारखे चालतात. एक बाजू वर गेली की दुसरी खाली येते. विहिरीवरच्या रहाटाला दोन बादल्या बांधल्यासारखं. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला मदत करतं, म्हणून वीज कमी लागते. नाशिकजवळच्या सप्तशृंगी गडावरची फ्युनिक्युलर ट्रॉली पण याच तत्त्वावर चालते, फक्त ती हवेत नाही तर तिरप्या रुळांवरून जाते. २०१८ मध्ये ती सुरू झाल्यावर पाचशेच्या आसपास पायऱ्या न चढता देवीचं दर्शन होऊ लागलं.

पण या पद्धतीत एक अडचण आहे. डबा स्टेशनात थांबला की पलीकडचाही थांबतो. गर्दी जास्त असेल तर हे परवडत नाही.

म्हणून मोठ्या पार्कमध्ये दुसरा प्रकार वापरतात. दोर अखंड फिरत राहतो, कधीच थांबत नाही. प्रत्येक डब्याच्या वर स्प्रिंगची एक मजबूत पकड असते, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी. डबा स्टेशनात आला की ती पकड उघडते, डबा दोरापासून सुटतो आणि वेगळ्या पट्ट्यावर हळूहळू सरकतो. आपण चढतो, दार बंद होतं, टायर डब्याला पुन्हा दोराच्या वेगाला आणतात आणि चिमटा परत दोर पकडतो. बाहेरचे डबे मात्र त्याच वेगाने धावत असतात.

डिस्नेचा स्कायलायनर असाच आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाला. एका डब्यात दहा माणसं बसतात. डब्यात एसी नाही, खिडक्यांतून आणि झरोक्यांतून वारा खेळता ठेवला आहे. सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात ५ ऑक्टोबरला तो बंद पडला आणि काही लोक जवळजवळ तीन तास हवेत अडकले. नंतर तो पुन्हा सुरू झाला आणि आजही चालतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. सरकत्या डब्यात व्हीलचेअर घेऊन चढणं अवघड. म्हणून काही स्टेशनांवर बाजूला एक वेगळा वळसा ठेवला आहे. तिथे डबा पूर्ण थांबतो, म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले निवांत बसतात, मग तो डबा मुख्य रांगेत मिसळतो. बाकीच्यांची रांग थांबत नाही आणि कुणाला "मी इथंच बसते" म्हणावं लागत नाही. पैसे लागतात याला, पण आधी कोणाच्या तरी डोक्यात ते यावं लागतं.

बोट: मुद्दाम लांबचा रस्ता

डिस्नेच्या मुख्य पार्कला गाडी घेऊन गेलात तर गाडी गेटपाशी लावता येत नाही. पार्किंग एका तळ्याच्या अलीकडे आहे. पार्किंगमधून आधी मोठ्या केंद्रावर यायचं, तिथून मोनोरेल किंवा बोटीने पलीकडे. एका बोटीत सुमारे ६०० माणसं मावतात.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? एक कारण म्हणजे गाड्या, धूर, हॉर्न सगळं अलीकडेच राहतं. दुसरं म्हणजे तळ्यावरून जाताना समोर किल्ला हळूहळू मोठा होत जातो आणि लहान मुलं वेडी होतात. गोराईच्या बोटीचंही तेच होतं.

तंत्र म्हणून बोट साधी आहे: रूळ नको, खांब नको, एकदम खूप माणसं जातात. पण वादळवारं, वीज कडाडली की बंद. आणि चढ-उतरायला वेळ लागतो, म्हणून फेऱ्या कमी.

बस आणि पार्किंगची ट्राम

दिसायला साधी, पण सगळ्यात जास्त काम करणारी म्हणजे बस. डिस्नेकडे शेकडो बस आहेत. कारण बसला नवीन मार्ग बांधावा लागत नाही. आज एका हॉटेलात गर्दी जास्त, तर चार बस तिकडे वळवा. उद्या दुसरीकडे. मोनोरेलला हे जमत नाही.

इथे मोबाईलवाल्यांना आवडेल असा भाग येतो. प्रत्येक बसमध्ये जीपीएस असतं. नियंत्रण कक्षात स्क्रीनवर सगळ्या बस दिसतात. कुठल्या थांब्यावर बस किती वेळ आली नाही, हे बघून बस पाठवतात. थांब्यावर आणि ॲपमध्ये पुढची बस किती मिनिटांत येईल हे दिसतं. डिस्नेच्या हातातल्या पट्ट्यात आरएफआयडी चिप असते, आपल्या फास्टॅगचं भावंडच समजा. त्याने गेट उघडतं, खोलीचं दार उघडतं, आणि कुठे किती माणसं आत गेली हेही कळतं.

आपल्याकडे हेच काम माणसाच्या डोक्याने चालतं. आषाढीला एसटी पंढरपूरसाठी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडते. तात्पुरती बसस्थानकं उभी करते, प्रत्येक विभागाच्या गाड्या कुठून सुटणार हे वाटून देते. जगातल्या कुठल्याही पार्कला लाजवेल अशी ही व्यवस्था आहे, फक्त तिला कुणी थीम पार्क म्हणत नाही.

पार्किंगपासून गेटपर्यंत मोठ्या पार्कमध्ये ट्राम असते. नाव ट्राम, पण रूळ नसतात. पुढे ओढणारी गाडी आणि मागे चार-पाच उघडे डबे. आमच्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात, तसंच. फरक एवढाच की मागचे डबे वळणावर पुढच्याच चाकोरीतून यावेत अशी त्यांची जोडणी केलेली असते. चार बॅटरी गाड्यांऐवजी अशी एक ट्राम असती तर आमची रांग दोन-तीन फेऱ्यांत संपली असती.

जमिनीतून ढकलणारी गाडी आणि वाफेची रेल्वे

डिस्नेत पीपलमूव्हर नावाची एक गाडी आहे, १९७५ पासून. तिच्या डब्यांत इंजिन नाही, मोटर नाही. मग चालते कशी? घरातल्या पंख्याची मोटर आठवा. आत तारांची वेटोळी, त्यात वीज गेली की चुंबकत्व गोल फिरतं आणि पंखा फिरतो. आता ती मोटर चिरून सरळ सपाट अंथरली असं समजा. चुंबकत्व गोल फिरण्याऐवजी सरळ पुढे धावेल. ही मोटर रुळांच्या मधे बसवलेली असते आणि डब्याच्या खालच्या धातूच्या पट्टीला पुढे ढकलते. याला लिनिअर इंडक्शन मोटर म्हणतात. या मोटरीत फिरणारा भागच नाही, त्यामुळे बिघाड कमी. पुढे हेच तंत्र वापरून अमेरिकेतल्या ह्यूस्टन विमानतळावर टर्मिनल जोडणारी छोटी गाडी केली.

याच पार्कभोवती फिरणारी रेल्वे मात्र खरीखुरी वाफेची. तिची चारही इंजिनं मेक्सिकोतल्या युकातानमध्ये काम करून थकलेली, तिथून आणून दुरुस्त केलेली. आपली नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासूनची, तीही अशीच: पोहोचवते पण आणि मजाही देते.

जाण्यापूर्वी मोबाईलवर काय तपासायचं?

घरात म्हातारं माणूस, लहान मूल, गरोदर बाई किंवा पायाला लागलेलं कुणी असेल तर हे नक्की करा.

१. नकाशावर पार्किंग ते गेट अंतर मोजा. गुगल मॅपवर पार्किंगवर बोट दाबून धरा, मग अंतर मोजायचा पर्याय येतो. पाचशे मीटरपेक्षा जास्त असेल तर पुढचे प्रश्न विचारा.
२. पार्कला फोन करा. वेबसाईटवर "बॅटरी गाडी उपलब्ध" एवढंच असतं. तुम्ही विचारा: किती गाड्या आहेत, किती सीटच्या, ज्येष्ठांची वेगळी रांग आहे का. मग वरचं गणित लावा.
३. व्हीलचेअर मिळते का, आधी बुक करता येते का, अनामत किती.
४. सॅटेलाईट नकाशात आतले रस्ते बघा. चढ, पायऱ्या, सावली कळते.
५. लोकांचे रिव्ह्यू वाचताना "गुडघे", "चालणं", "रांग", "आजी-आजोबा" असे शब्द शोधा. राईडच्या कौतुकापेक्षा हे जास्त कामाचं.
६. निघायची वेळ बदला. शो संपायच्या वीस मिनिटं आधी निघा किंवा संपल्यावर पाऊण तास आत बसून काहीतरी खा. मधल्या वेळेत निघू नका.
७. ज्येष्ठ माणसाला गेटपाशी उतरवून मग गाडी पार्किंगला नेता येते का, हे सुरक्षारक्षकाला विचारा. आम्ही हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित हा लेख लिहायची वेळ आली नसती.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोनोरेल आणि मेट्रोत काय फरक?
मेट्रो दोन रुळांवर चालते, डबे जास्त, माणसं कितीतरी जास्त नेते. मोनोरेल एका बीमवर, वजनाने हलकी, वळणं घट्ट घेऊ शकते. म्हणून पार्कला मोनोरेल शोभते आणि मोठ्या शहराच्या गर्दीला मेट्रो.

रोपवेत बसल्यावर वीज गेली तर?
रोपवेला पर्यायी इंजिन किंवा जनरेटर असतो. त्यावर डबे हळूहळू स्टेशनात आणतात. घाबरून दार उघडायचा प्रयत्न कधीही करू नका, बसून राहा.

पार्कच्या आतल्या बसला वेगळे पैसे लागतात का?
डिस्नेत बस, बोट, मोनोरेल, स्कायलायनर यांना वेगळं तिकीट नाही. रामोजीत आतली बस तिकिटातच धरलेली असते. बॅटरी गाडीचे काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात, म्हणून आधी विचारा.

सगळ्यात सुरक्षित वाहन कोणतं?
नियम पाळले तर सगळीच सुरक्षित. वर सांगितलेल्या दोन घटना बघा. एकीत तपासणी राहिली, दुसरीत वजन वाढलं. दोन्हीत मोनोरेल होती, पण अशी चूक बोटीत, रोपवेत किंवा जीपमध्येही तेवढीच महागात पडते.

निष्कर्ष

मित्रांनो, पार्क किती मोठं आणि राईड किती उंच यावरून आपण पार्कला मार्क देतो. मी आता दुसऱ्या गोष्टीवरून देतो: सगळ्यात हळू चालणारं माणूस आत कुठपर्यंत पोहोचतं? शेगावच्या मोफत बसला आणि स्कायलायनरच्या त्या बाजूच्या वळशाला यात पैकीच्या पैकी.

येत्या सुट्टीत आम्ही परत जाणार आहोत, दुसऱ्या ठिकाणी. या वेळी आधी फोन केला, अंतर मोजलं, व्हीलचेअर सांगून ठेवली. आजीला विचारलं तर म्हणाली, "मला काय करायचंय तिथं." पण चपलेचा तुटलेला पट्टा तिने कालच चांभाराकडून शिवून आणलाय.

ही माहिती तुम्हाला कशी वाटली ते नक्की कळवा. आणि घरी आजी-आजोबा असतील अशा मित्रांना सहलीच्या आधी हा लेख पाठवा, सहलीनंतर नाही.